रेकॉर्डच्या पाठीवरची नावं: ऑल्ट-कंट्री म्हणजे काय, आणि ते शोधायचं कसं

२ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि सर्वोत्तम कंट्री अल्बमचंही. आपल्याकडे तेव्हा ३ तारखेची सकाळ होती. त्या दिवसापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आहे: कंट्री म्हणजे नक्की काय गं? बियॉन्सेनं गायलं ते कंट्री, जॉन डेन्व्हरचं कॉलेजच्या शेकोटीभोवती गायलेलं ते गाणंही कंट्री, आणि टोपी घालून ट्रकवर बसलेला तो गायकही कंट्री. हे सगळं एक कसं?

अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. त्याच वर्षी ग्रॅमीनं कंट्री अल्बमचा पुरस्कार दोन भागांत वाटला, पारंपरिक वेगळा आणि समकालीन वेगळा. पुरस्कार देणाऱ्यांनाच हे संगीत एका शब्दात बसवता येईना, तर आपण गोंधळलो यात नवल नाही.

मला मात्र या हमरस्त्याबद्दल लिहायचं नाही. त्याला लागून एक गल्ली आहे, तिचं नाव ऑल्ट-कंट्री, म्हणजे पर्यायी कंट्री. गेली बरीच वर्षं मी त्या गल्लीत रमले आहे. तिथली गाणी रेडिओवर सहसा वाजत नाहीत, म्हणून ती आपणहून कानावर पडत नाहीत. ती शोधावी लागतात, आणि शोधायची एक सोपी रीत आहे. पण गल्ली दाखवायची तर आधी हमरस्ता माहीत हवा.

## आधी कंट्री कशाला म्हणतात?

१९२७ चा उन्हाळा. टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. राल्फ पियर हा रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिथे आला आणि एका टोप्यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत त्यानं ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं. डोंगरपट्ट्यातल्या गाणाऱ्यांनी यावं, गाणं मुद्रित करावं, पैसे घेऊन जावं. थोड्याच दिवसांच्या अंतरानं त्या यंत्रापुढे दोघं येऊन गायले: रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स, आणि कार्टर फॅमिली, म्हणजे ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची चुलत बहीण मेबेल. आज ज्याला कंट्री म्हणतात त्याची व्यवसाय म्हणून सुरुवात साधारण इथून मोजतात.

ए. पी. कार्टर गाणी रचायचा त्याहून जास्त गोळा करायचा. डोंगरातल्या घराघरांत जाऊन तो विचारायचा, तुमच्याकडे जुनं काही आहे का? आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्यांनी केलं तसंच हे काम होतं: बाई गात असते, तिला ती आईकडून मिळालेली असते आणि कर्ता कोण ते कुणालाच ठाऊक नसतं. या भटकंतीत त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रेकॉर्ड कंपन्यांनी मात्र पहिल्यापासून दोन टोपल्या केल्या. गोऱ्यांच्या गाण्यांवर 'हिलबिली' ही पाटी आणि काळ्यांच्या गाण्यांवर 'रेस रेकॉर्ड्स' ही. पुष्कळदा दोन्ही टोपल्यांत गाणी तीच, वाद्यं तीच. पाटी गाण्यावर नव्हती, गिऱ्हाइकावर होती. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यवसायाच्या मुखपत्रानं पाट्या बदलल्या, एक 'कंट्री अँड वेस्टर्न' झाली आणि दुसरी 'रिदम अँड ब्लूज'. टोपल्या दोनच राहिल्या.

## हे संगीत गुळगुळीत कसं झालं?

१९५० च्या दशकात रॉक अँड रोल आलं आणि कंट्रीचा तरुण श्रोता तिकडे वळला. मग नॅशव्हिल या कंट्री व्यवसायाच्या राजधानीतल्या निर्मात्यांनी शहरी मोठ्या माणसांना रुचेल असा आवाज घडवला. खरखरीत फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगानं वाजवलेलं व्हायोलिन, मागे गेली आणि तिच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणि पार्श्वभूमीला मंद कोरस आला. यातही सुंदर गाणी झाली, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण रीत पडली ती पडली.

पुढे रेडिओनं ती घट्ट केली. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं देशभरात एका कंपनीनं किती रेडिओ केंद्रं बाळगावीत यावरची मर्यादा उठवली आणि काही वर्षांतच एकेका कंपनीकडे शेकड्यांनी केंद्रं जमा झाली. लग्नाच्या पंगतीचं जेवण आठवा. पाचशे माणसं जेवायची, म्हणून आचारी तिखट बेतानं घालतो. कुणी तक्रार करत नाही, पण महिन्याभरानं ती भाजी कुणाला आठवतही नाही. देशभर एकच यादी वाजवायची ठरली की गाण्यांचंही तसंच होतं.

याविरुद्ध बंडं पूर्वीही झाली होती. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड यांनी कडक, झणझणीत इलेक्ट्रिक गिटार पुढे आणली. टेक्ससमध्ये विली नेल्सननं १९७५ मध्ये 'रेड हेडेड स्ट्रेंजर' इतका उघडावाघडा केला की कंपनीला तो कच्चा खर्डा वाटला. तो अफाट खपला. ग्रॅम पार्सन्स हा लांब केसांचा तरुण 'द बर्ड्स' या रॉक बँडमध्ये शिरला आणि १९६८ मध्ये त्यांच्याकडून 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा सरळसरळ कंट्री अल्बम करवून घेतला. १९७३ मध्ये सव्विसाव्या वर्षी तो गेला. त्याच्याबरोबर गाणारी एमिलू हॅरिस हिनं पुढची पन्नास वर्षं ते काम चालवलं. ऑल्ट-कंट्रीची बहुतेक वंशावळ या दोघांपाशी येऊन थांबते.

## मग 'ऑल्ट' आलं कुठून?

सेंट लुइस शहराजवळ, मिसिसिपी नदीच्या पलीकडे, इलिनॉय राज्यात बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथे जे फॅरर, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न या शाळेपासूनच्या मित्रांचा 'अंकल ट्युपेलो' हा बँड होता. ही पंक रॉक ऐकून वाढलेली मुलं. पण घरात जुनी कंट्री गाणीही होती, आणि त्यांना ही दोन टोकं लांबची वाटत नव्हती. दोन्हीकडे तीन-चार कॉर्ड, कमी पैसा आणि थेट बोलणं.

१९९० मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'नो डिप्रेशन'. हे नाव कार्टर फॅमिलीनं १९३६ मध्ये मुद्रित केलेल्या एका गाण्याचं. डिप्रेशन म्हणजे इथे महामंदी: मंदी नाही अशी एकच जागा, स्वर्ग, असं ते गाणं सांगतं. चौपन्न वर्षांनी बेलव्हिलच्या पोरांनी ते आपलं म्हणून गायलं, आणि शेजारची गाणी कानठळ्या बसतील अशा गिटारींवर.

ऑल्ट-कंट्रीची व्याख्या करायचीच तर ती इथेच सापडते: जुन्या कंट्रीचं सामान घ्यायचं, म्हणजे तिची वाद्यं, तिची कथा सांगण्याची रीत, तिची दुःखं, पण नॅशव्हिलच्या कारखान्याबाहेर, स्वतःच्या काळाच्या आवाजात गायचं. १९९५ मध्ये सिॲटलहून या संगीताला वाहिलेलं नियतकालिक निघालं, त्याचंही नाव 'नो डिप्रेशन'च ठेवलं. काही वर्षं तर या सगळ्या प्रकाराला लोक त्याच नावानं ओळखत.

त्यांचा तिसरा अल्बम माझा विशेष लाडका. त्याचं नाव 'मार्च १६–२०, १९९२'. नाव म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या तारखा, पाच दिवस. आर. ई. एम. या गाजलेल्या बँडचा गिटारवादक पीटर बक यानं त्यांना जॉर्जियातल्या अथेन्सला नेलं आणि विजेच्या गिटारी बाजूला ठेवायला लावलं. निम्म्याच्या आसपास गाणी जुनी पारंपरिक आहेत, खाणकामगारांची, हातभट्टीवाल्याची. फॅरर तेव्हा पंचविशीच्या आसपासचा, पण आवाज साठीच्या माणसाचा. रॉक ऐकणारी हजारो मुलं ज्या काळात आणखी मोठ्या आवाजाच्या मागे होती, त्या काळात या तिघांनी आवाज खाली आणला. ते धाडस आजही ऐकू येतं.

१९९३ मध्ये 'ॲनोडाइन' आला आणि १९९४ मध्ये बँड फुटला. फॅररनं 'सन व्होल्ट' काढला आणि १९९५ मध्ये 'ट्रेस' हा अल्बम दिला. ट्वीडीनं 'विल्को' काढला. २००१ मध्ये विल्कोचा 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' त्यांच्या कंपनीनं नाकारला. बँडनं अल्बमचे हक्क घेऊन तो इंटरनेटवर सगळ्यांना ऐकू दिला, आणि २००२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं तो विकत घेऊन काढला. ती दुसरी कंपनी पहिलीच्याच मालकाची होती. एकाच घरानं एका अल्बमसाठी दोनदा पैसे मोजले.

## शोधायचं कसं? एका नावाचं बोट धरून

आता मुख्य मुद्दा. ॲप आपल्याला गाणी सुचवतं ती 'हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं' या हिशेबानं. वाईट नाही, पण त्यातून आपण त्याच चौकात फिरत राहतो. मी वेगळं करते. अल्बम आवडला की श्रेयनामावली उघडते: वाजवलं कुणी, निर्माता कोण, मुळात गाणं लिहिलं कुणी. पूर्वी हे रेकॉर्डच्या पाठीवर छापलेलं असायचं, आता बहुतेक ॲपवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांखाली सापडतं. त्यातलं एक अनोळखी नाव उचलायचं आणि ते जाईल तिकडे जायचं. शास्त्रीय संगीताचे रसिक साथीला कोण आहे हे पाहून मैफलीला जातात, तसंच हे.

'ॲनोडाइन'च घेऊ. हा टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये, सगळ्यांनी एकत्र बसून, नंतर काही न जोडता मुद्रित केलेला अल्बम. त्याच्या यादीत एक नाव आहे: लॉइड मेन्स, पेडल स्टील.

पेडल स्टील म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण कंट्रीचा निम्मा जीव त्या वाद्यात आहे. पायांवर उभ्या केलेल्या मेजासारखी आडवी गिटार, बहुधा दहा तारांची. डाव्या हातात पोलादाचा दांडा, तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडायच्या. डाव्या पायाखाली पेडल, ती दाबली की ठरावीक तारांचा सूर चढतो. गुडघ्यांनी ढकलायचे खटके वेगळे आणि उजवा पाय आवाज कमीजास्त करायला. दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे एकाच वेळी कामात. एवढ्या खटाटोपातून मिळतं काय, तर आपण ज्याला मींड म्हणतो ते: एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं. फरक इतकाच की इथे दोन-तीन तारांवर एकदम मींड घेता येते, आणि त्यातली एक चढत असताना दुसरी जागेवर थांबू शकते.

हा आवाज आपल्याला परका नाही. दांडा सरकवून गिटार वाजवायची पद्धत हवाई बेटांवरची. तिथून ती एकीकडे अमेरिकेत पसरली आणि कंट्रीत शिरली, दुसरीकडे हिंदुस्थानात आली. व्हॅन शिपली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं घरातल्या मोठ्यांनी ऐकलेली असतील. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिची मोहनवीणा केली. मुंबईच्या स्टुडिओतली ती गिटार आणि नॅशव्हिलमधली पेडल स्टील या एकाच आजीच्या नाती.

परत लॉइड मेन्सकडे. हा टेक्ससमधल्या लबक गावचा. त्याचं नाव धरून मागे गेलं की जो इली भेटतो, त्याच्या बँडमध्ये मेन्स वाजवायचा. मग टेरी ॲलन भेटतो. हा पेशानं चित्रकार-शिल्पकार आणि १९७९ मध्ये त्यानं 'लबक (ऑन एव्हरीथिंग)' नावाचा दोन रेकॉर्डचा अल्बम केला, आपल्या गावातल्या माणसांची जवळजवळ जत्राच. पुढे गेलं की विल्कोच्या पहिल्या अल्बमवर पुन्हा मेन्स. आणखी पुढे गेलं की 'द चिक्स' या तिघींचा २००२ मधला 'होम', त्याच्या निर्मितीत मेन्स, आणि तिघींतली मुख्य गायिका नॅटली मेन्स ही त्याची मुलगी.

२००३ च्या मार्चमध्ये इराक युद्धाच्या तोंडावर लंडनच्या मंचावरून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध जी एक वाक्य बोलली आणि जिच्या बँडची गाणी कंट्री रेडिओनं बंद केली, तीच ही नॅटली. २००७ मध्ये त्यांच्या पुढच्या अल्बमसह त्यांना पाच ग्रॅमी मिळाले.

पाहा, 'ॲनोडाइन'च्या पाठीवरच्या एका नावानं आपण लबकच्या जत्रेपासून लंडनच्या मंचापर्यंत येऊन पोचलो. कुठल्याही शिफारशींच्या यादीनं हे घडलं नसतं.

## 'सगळी गाणी सारखीच वाटतात'

हा आक्षेप खरा आहे. पहिल्या ऐकण्यात तसं वाटतंच, कारण चाली साध्या असतात आणि ताल फारसा हलत नाही. कीर्तनात चाल ओळखीची असते, आपण ऐकतो ते आख्यान. इथेही गाणं शब्दांत आहे. पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. उच्चार अडतात, अमेरिकेच्या दक्षिणेकडची अनुनासिक बोली अडते, पण चार-पाच गाण्यांनंतर कान बसतो.

माझा कान बसला तो टाउन्झ व्हॅन झँड या टेक्ससच्या गायक-गीतकारावर. सोलापूरहून पुण्याला रातराणीनं येत होते, दिवे मालवलेले, कानात 'लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर'. १९७३ च्या जुलैमध्ये ह्यूस्टनच्या एका छोट्या बारमध्ये मुद्रित केलेला हा अल्बम १९७७ मध्ये बाहेर आला. एक माणूस, एक गिटार, समोर दाटीवाटीनं बसलेले लोक. सुरुवातीला टेलिफोन कोपऱ्यात आहे, स्वच्छतागृहं वर आहेत, अशी घोषणासुद्धा ऐकू येते. मग 'पँचो अँड लेफ्टी' हे गाणं. दोन दरोडेखोर मित्र. पँचो मेक्सिकोच्या वाळवंटात मरतो. त्याच दिवशी लेफ्टी उत्तरेला निघून जातो. जायला पैसे कुठून आले, ते कुणाला माहीत नाही. शेवटी थंडगार क्लीव्हलँडमध्ये, स्वस्त हॉटेलात म्हातारा होत चाललेला लेफ्टी. मित्राला त्यानं विकलं, हे वाक्य गाण्यात कुठेच नाही. भिगवण मागे पडलं तेव्हा मला ते उमगलं आणि मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड यांनी १९८३ मध्ये हेच गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. टाउन्झ स्वतः त्या यादीजवळही कधी फिरकला नाही. तो १ जानेवारी १९९७ ला गेला. कंट्रीचा सगळ्यात मोठा गीतकार मानला जाणारा हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला, एकोणतिसाव्या वर्षी गेला होता.

दुसरं नाव ल्युसिंडा विल्यम्सचं. तिचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' १९९८ चा. त्याआधीचा अल्बम १९९२ चा. मधल्या सहा वर्षांत तिनं ऑस्टिनमध्ये मुद्रण केलं, मनासारखं झालं नाही म्हणून नॅशव्हिलमध्ये पुन्हा केलं आणि उरलेलं लॉस एंजेलिसमध्ये. लोक तिला हट्टी म्हणाले. अल्बम ऐकल्यावर तो हट्ट कशासाठी होता ते कळतं: एकही शब्द जागचा हलत नाही.

शीर्षकगीत घ्या. स्वयंपाकघर, अंड्यांचा आणि कॉफीचा वास, रेडिओवर लोरेटा लिनचं गाणं. मोठ्या माणसांची घाई, सामान गाडीत, एक घर सोडून दुसरीकडे. मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं एक मूल, चेहऱ्यावर धूळ आणि अश्रू. आणि प्रत्येक कडव्यानंतर खडीच्या रस्त्यावर चाकांचा आवाज. बाकी काही सांगितलेलं नाही. ल्युसिंडाचे वडील मिलर विल्यम्स हे कवी आणि प्राध्यापक, नोकरीपायी गावोगाव फिरलेले. ल्युसिंडा सांगते की हे गाणं पहिल्यांदा ऐकल्यावर त्यांनी येऊन तिची माफी मागितली. तिला कळेना कशाबद्दल. मागच्या सीटवरची ती मुलगी ती स्वतःच आहे, हे लिहिताना तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते कंट्रीचं नव्हे, समकालीन लोकसंगीताचं. जॉनी कॅशच्या १९९४ मधल्या 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'लाही तेच. ज्या माणसाचा चेहरा म्हणजे कंट्री, त्याचा फक्त गिटार आणि आवाजाचा अल्बम कंट्रीच्या टोपलीत मावला नाही. पाट्यांवर विसंबू नये असं मी म्हणते ते म्हणून.

## 'पण हे गोऱ्यांचंच संगीत ना?'

तसं दाखवलं गेलं खरं. पण बँजो हे वाद्यच मुळी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवलं. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाला १९२७ मध्ये ते नाव मिळालं, तेव्हा निवेदकाच्या आधी नुकताच माउथ ऑर्गन वाजवून थांबला होता तो डीफर्ड बेली, कृष्णवर्णीय. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं आणि पुढे तो बुटांना पॉलिश करून जगला. कंट्रीच्या सन्मान-दालनात त्याचं नाव लागलं २००५ मध्ये, तो गेल्यानंतर. लेस्ली रिडल तर अजूनही बहुतेकांना ठाऊक नाही.

हा धागा पकडायचा असेल तर रायनन गिडन्सचं नाव उचला. नॉर्थ कॅरोलायनातल्या जो थॉम्पसन या ऐंशीच्या पुढच्या कृष्णवर्णीय फिडलवादकाकडे ती आणि तिचे दोन साथीदार जाऊन बसायचे, ऐकून ऐकून शिकायचे, आपल्याकडे गुरूच्या घरी शिकतात तसेच. त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा गट झाला आणि २०१० चा 'जेन्युइन नीग्रो जिग' हा अल्बम. 'काउबॉय कार्टर'मधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीला जो बँजो वाजतो, तो गिडन्सचाच. बियॉन्से आवडली असेल तर तुमच्या हातात दोरा आधीच आहे.

बायकांची गोष्टही फार वेगळी नाही. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागारानं जाहीर सांगितलं की कंट्री रेडिओच्या सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे पानं आणि गायिका म्हणजे टोमॅटो, म्हणून त्यांची गाणी कमी लावा. मार्गो प्राइसनं लग्नाची अंगठी गहाण ठेवून पहिला अल्बम मुद्रित केला, तो २०१६ मध्ये निघाला: 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर'. गेलेल्या शेताचं त्यातलं पहिलं गाणं विदर्भात, मराठवाड्यात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

## 'शहरात वाढलेल्यांनी डोंगरातलं का गावं?'

गिलियन वेल्चला हे फार ऐकावं लागलं. ती लॉस एंजेलिसमध्ये वाढली, संगीताच्या महाविद्यालयात शिकली, आणि गाते मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या डोंगरातल्यासारखी. ग्रॅम पार्सन्सही संत्र्यांच्या बागांच्या श्रीमंत घराण्यातला. अस्सलपणा जन्मदाखल्यावर मोजायचा तर दोघंही बाद.

मला हा आक्षेप पटत नाही. ज्ञानेश्वरी गाणाऱ्याला आपण गावाचं नाव विचारत नाही, त्याला ती किती कळली आहे ते ऐकतो. वेल्चचा २००१ चा 'टाइम (द रेव्हलेटर)' रात्री, एकटं, सलग ऐका. ती आणि डेव्हिड रॉलिंग्ज, दोन गिटारी किंवा एखादा बँजो, दोन आवाज, ड्रम नाहीत. नॅशव्हिलच्या ज्या जुन्या आर. सी. ए. स्टुडिओत एल्व्हिस गायला, तिथेच जवळजवळ सगळा मुद्रित केलेला. शेवटचं गाणं चौदा मिनिटांहून मोठं आहे आणि ते संपू नये असं वाटतं. मला एकच अल्बम ठेवायची मुभा असती तर हा.

आणि जे गुळगुळीत ते वाईट, जे खरखरीत ते थोर, असंही नाही. ऑल्ट-कंट्रीत रडकी, आळशी गाणी भरपूर आहेत, आणि नॅशव्हिलमध्ये आजही उत्तम कारागीर बसतात. एमिलू हॅरिस दोन्हीकडे वावरली. १९९५ मध्ये निर्माता डॅनियल लॅन्वाबरोबर तिनं केलेला 'रेकिंग बॉल' ऐकलात तर तो कुठल्या बाजूचा हा प्रश्न सुचतच नाही.

## आता हे नाव उरलं आहे का?

कमी झालं आहे. 'अमेरिकाना' हा मोठ्या पोटाचा शब्द आला, त्यात लोकसंगीत, ब्लूज, ऑल्ट-कंट्री सगळं सामावलं, आणि २०१० पासून त्याला ग्रॅमीही आहे. गाणी थांबलेली नाहीत. जेसन इझबेलचा २०१३ चा 'साउथईस्टर्न' त्यानं दारू सोडल्यानंतर लगेच केलेला, आणि त्यातलं कर्करोगानं जाणाऱ्या मैत्रिणीवरचं गाणं मी वर्षातून एकदाच ऐकू शकते. केंटकीच्या टायलर चिल्डर्सचा 'पर्गेटरी' २०१७ चा. 'वॉक्साहॅची' या नावानं गाणाऱ्या केटी क्रचफील्डचे 'सेंट क्लाउड' आणि 'टायगर्स ब्लड' आत्ताचे, आणि अंकल ट्युपेलोसारखीच तीही पंकच्या वाटेनं इथे आलेली.

## तर सुरुवात कुठून?

गिटारींचा गडगडाट आवडत असेल तर 'ट्रेस'पासून. कविता वाचणारे असाल तर 'कार व्हील्स'पासून, शब्द समोर ठेवून. शास्त्रीय संगीताची सवय असेल तर 'टाइम (द रेव्हलेटर)', कारण त्यातल्या रॉलिंग्जच्या गिटारीचे विस्तार तुम्हाला लगेच कळतील. एका वेळी एकच अल्बम घ्या आणि आठवडाभर त्यालाच द्या. नवं कुणी जिवंत वाजवताना बघायचं असेल तर टायनी डेस्क आणि ऑस्टिन सिटी लिमिट्स या अमेरिकी संगीत कार्यक्रमांच्या मैफली यूट्यूबवर फुकट आहेत. तिथे पेडल स्टीलवाल्याच्या गुडघ्यांकडे बघायला विसरू नका.

आणि अल्बम संपला की श्रेयनामावली. मी सध्या 'लबक (ऑन एव्हरीथिंग)'च्या तिसऱ्या बाजूवर आहे. त्यात वाजवणाऱ्यांतली तीन नावं वहीत उतरवून ठेवली आहेत. त्यांतलं एकही मी याआधी ऐकलेलं नाही.